मंजूर केलेलं गरम पाणी

ज्या गावाला समुद्र नसतो, त्या गावाची समुद्राविषयीची मतं पक्की असतात. किनाऱ्यावरच्या माणसाचं मत भरतीला एक आणि ओहोटीला दुसरं असू शकतं. शिवाय त्याचा त्यात स्वार्थ असतो (तो मासे धरतो). कोल्हापूरला हा धोका नाही. गावाला नदी आहे, तळी आहेत, विहिरी तर मोजायच्या बाहेर आहेत. समुद्र मात्र घाटाखाली, सहा-सात तासांच्या प्रवासाइतका लांब आहे. समुद्री प्राण्यांच्या दंशासारख्या नाजूक विषयाचा निःपक्षपातीपणे विचार करायला याहून योग्य जागा सापडली नसती. शाहूपुरीतल्या मुलींच्या एका शाळेने एकोणीसशे त्र्याहत्तर साली तो तसा केला.

त्याला कारण घडलं होतं. आदल्या वर्षीच्या डिसेंबरात शाळेची सहल मालवणच्या बाजूला गेली असताना नववीतली रोशनबी ही कबनूरच्या यंत्रमागवाल्याची मुलगी घोट्याइतक्या पाण्यात उभी राहिली आणि तिच्या टाचेत पाकटाचा काटा घुसला. पाकट म्हणजे परातीसारखा चपटा मासा. तो उथळ पाण्यात अंगावर वाळू ओढून पडून राहतो. त्याच्या शेपटीवर करवतीसारखा विषारी काटा असतो. रोशनबीवर तात्काळ उपचार झाले. सातजण हजर होते, म्हणून सात उपचार झाले: वाळूने चोळणं, चुना, रॉकेल, माठातलं गार पाणी, कांदा आणि रुमालाने आवळून बांधणं. सातव्यांना औषधातलं काही कळत नसल्यामुळे त्यांनी तिला एकोणतीसचा पाढा म्हणायला लावला. सातांपैकी तेवढ्याच उपचाराने अपाय झाला नाही.

पाय मे महिन्यापर्यंत चिघळत राहिला. परीक्षा बुडाली, रोशनबी पुन्हा नववीत बसली. शाळेच्या अहवालात या प्रकरणाला एक वाक्य मिळालं: ‘विद्यार्थिनीने समुद्रात पाऊल टाकताना योग्य ती खबरदारी घेतल्याचे दिसत नाही.’

योग्य ती खबरदारी कोणती, हे शाळेत एका व्यक्तीला माहीत होतं. शास्त्र शिकवणाऱ्या मेहमुदा शिकलगार बाई. त्यांनी प्राणिशास्त्रात पदवी घेतली होती, कॉलेजात असताना दोनदा किनाऱ्यावर नमुने गोळा करत हिंडल्या होत्या, आणि त्या सहलीला आईच्या आजारपणामुळे गेल्या नव्हत्या. ही शेवटची गोष्ट त्यांच्या मनातून जात नसे. वर्गात रोशनबी बाकाबाहेर पाय लांब करून बसायची. बाईंची नजर फळ्याकडून वळली की आधी त्या टाचेवर पडायची.

त्यांनी एक कागद लिहिला. तो अर्धाच भरला.

‘उथळ पाण्यात पाऊल उचलून टाकू नये, वाळूत घासत पुढे न्यावे. पाकटाला बाजूने धक्का लागला तर ते निघून जाते, अंगावर पाय पडला तर काटा मारते. काटा लागल्यास पाय सोसवेल इतक्या कढत पाण्यात तास-दीड तास बुडवून ठेवावा; पाणी निवेल तसे बदलावे. पाणी आधी दुसऱ्याने हात घालून पाहावे, कारण वेदनेत माणसाला भाजल्याचे कळत नाही. झार, म्हणजे पाण्यावर तरंगणारा पारदर्शक गोळा, अंगाला लागल्यास चोळू नये, गोडे पाणी टाकू नये. समुद्राच्याच पाण्याने धुवावे. नंतर डॉक्टरकडे न्यावे.’

पुढची सहल निघायच्या आधी हा कागद मुलींना वाचून दाखवावा, एवढीच त्यांची विनंती होती. विनंती इतकी साधी होती की तिच्यासाठी समिती नेमावी लागली.

‘सागरी दंश प्रतिबंध व उपचार समिती’त सात सभासद होते. त्यांपैकी दोघांनी समुद्र पाहिला होता, एकाने तो एसटीच्या खिडकीतून पाहिला होता आणि एक सभासद पंचगंगेत गळ टाकत असल्यामुळे तज्ज्ञ म्हणून घेतले होते. अध्यक्ष हंबीरराव. एके काळी त्यांनी कुस्तीची मैदानं मारली होती. आता बांधकामाची कंत्राटं घेत आणि शाळेवर मनापासून प्रेम करत. (शाळेची पश्चिमेकडची भिंत त्यांनीच बांधली होती, तिच्याजवळ मुलींना बसू देत नसत.) सगळा गाव त्यांना आबा म्हणे. चिटणीस म्हणून शाळेचा कारकून कृष्णात होता. मेहमुदाबाईंना ‘निमंत्रित’ म्हणून बोलावलं होतं. म्हणजे त्यांना चहा होता, मत नव्हतं.

पहिल्याच बैठकीत हंबीररावांनी कागद उलटा करून पाहिला.

“बाई, माघारी काय न्हाय की हो.”

“तेवढंच आहे, आबा.”

“आर्धं पान?” त्यांनी सभासदांकडे पाहिलं. “येवड्यात भागत आसतं तर आमाला कशाला बसिवलं असतं?”

समिती जुलै ते नोव्हेंबर अकरा वेळा बसली आणि अर्ध्या पानाची एकेचाळीस पानं झाली. त्यांत नमुना ‘अ’ हा पाण्यात उतरण्याच्या परवानगीचा अर्ज होता. नमुना ‘ब’ हा दंशाचा अहवाल. तो दंश झालेल्या विद्यार्थिनीने स्वहस्ते, तीन प्रतींत, पहिल्या पंधरा मिनिटांत भरायचा होता. त्यात ‘प्राण्याचे नाव’, ‘प्राण्याचे वर्णन’ आणि ‘दंशापूर्वी प्राण्यास चिथावणी दिली होती काय?’ असे रकाने होते. प्राण्याची बाजू ऐकून घेण्याची ही तरतूद भारतात अन्यत्र असल्याचं ऐकिवात नाही.

खरी अडचण गरम पाण्याची झाली. ‘सोसवेल इतकं’ म्हणजे कुणाला? बाई म्हणाल्या, पंचेचाळीस अंशांच्या आसपास. थर्मामीटर लावता येईल. शाळेचा थर्मामीटर जडवस्तू नोंदवहीत होता आणि नोंदवही कपाटात होती आणि कपाटाची किल्ली रजेवर होती. मग प्रयोग झाला. सात सभासदांनी पाण्यात हात घातले. सहांनी काढले. हंबीररावांनी ठेवला. त्यांच्या हाताला फोड आले, पण ठराव झाला नाही, कारण ठरावावर सही करायला तोच हात लागणार होता.

शेवटी पंचगंगेत गळ टाकणाऱ्या तज्ज्ञांनी मार्ग काढला. कोकणातल्या पाण्याची आपल्याला खात्री नाही. सबब पाणी कोल्हापुरातच तापवावं, समितीसमक्ष तपासावं, दोन डब्यांत भरून त्यांवर लाखेचं सील करावं आणि सहलीबरोबर न्यावं. ठराव एकमताने मंजूर. मेहमुदाबाईंनी विचारलं, “ते पोचेपर्यंत निवणार नाही का?”

“सील हाय की, बाई,” कृष्णात म्हणाला.

इथवर बाईंनी चालवून घेतलं होतं. नमुने भरून कुणाचा पाय चिघळत नाही. पण ऑक्टोबरात रंगीत तालीम झाली आणि त्यांची झोप उडाली.

तालीम रंकाळा तलावाच्या पायऱ्यांवर झाली. (खारं पाणी, वाळू आणि पाकट या तीन बाबी सोडल्या तर परिस्थिती समुद्रासारखीच होती. म्हशी जादा होत्या.) आठ मुली पाय घासत पाण्याकडे चालल्या. हंबीररावांना ते बघवेना.

“थांबा, थांबा! आसं पाय वडत कोन चालतंय? म्हातारी झालाय व्हय? कोल्हापूरच्या पोरी हायसा, पाऊल कसं दणकून पडाय पायजे! त्या मालवणची मानसं बगत्याली, काय म्हनत्याली?”

“आबा, तेच तर महत्त्वाचं आहे,” बाई म्हणाल्या. “पाय उचलून टाकला की तो पाकटावर पडतो.”

“पडू द्या की. चेंगरंल त्ये.”

नियम पाचमध्ये दुरुस्ती झाली. ‘पाय घासत न्यावा’ हे शब्द वगळून ‘पाऊल ठामपणे टाकावे’ असे घालण्यात आले. बाईंनी त्याच संध्याकाळी लेखी हरकत दिली. दंशाची शक्यता आता कमी न होता वाढेल, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. पुढच्या इतिवृत्तात कृष्णातने तिची नोंद घेतली: ‘शिकलगार बाईंनी समितीचे आभार मानले.’

विचारल्यावर तो ओशाळला. “बाई, हरकतीला रकानाच न्हाय वो. आभाराला हाय.”

त्यानंतर मेहमुदाबाईंनी नोकरीत पहिल्यांदाच नियमबाह्य वर्तन केलं. शास्त्राच्या तासाला त्यांनी दार लावून घेतलं, बाकं भिंतीला लावली आणि अडतीस मुलींना जमिनीवरून पाय घासत चालायला लावलं. पहिल्या फेरीला हसणं आवरेना. मग रोशनबी उठली. तिने मोजा काढला, टाच सगळ्यांना दाखवली आणि म्हणाली, “हसा की. मी बी हसतच पान्यात गेलेलो मागल्या वर्षी.” दुसऱ्या फेरीला कोणी हसलं नाही.

आठ डिसेंबरला पहाटे पाच वाजता सहल निघाली. नोंदवहीत कृष्णातने लिहिलं: ‘पाणी: डबे दोन. स्थिती: गरम.’ खाली हंबीररावांची सही होती. गाडीच्या टपावर पातेली, लाकडं आणि कोल्हापुरात कापलेलं मटण होतं. सोबत गौसभाई आचारी. ताज्या मासळीच्या गावाला जाताना कोल्हापूरचा माणूस मटण घेऊन जातो, यात त्या गावाचा अपमान करायचा हेतू नसतो. त्याला फक्त जेवायचं असतं.

बारा-साडेबाराला गाडी मालवणच्या अलीकडच्या एका वाडीशी पोचली. सुरूच्या झाडांखाली गौसभाईंनी दोन चुली मांडल्या. एकीवर तांबडा रस्सा, एकीवर पांढरा. अडतीस मुली नमुना ‘अ’ हातात घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. नियम सातप्रमाणे आधी समितीच्या प्रतिनिधीने पाण्यात उतरून पाहणी करायची होती.

हंबीररावांनी धोतर खोचलं. जाळं दुरुस्त करत बसलेल्या एका कोळ्याने मान वर न करता, पाय घासत जा, अशी सूचना केली.

“पावणं,” हंबीरराव म्हणाले, “आमी कोल्हापूरचं हाय.”

आणि ते आखाड्यात उतरावं तसे समुद्रात उतरले. पाऊल नियमाप्रमाणे पडत होतं. एकवीस पावलं ठाम पडली. बाविसावं पडलं आणि त्यांनी जी आरोळी दिली, ती ऐकून कोळ्याने पहिल्यांदा मान वर केली.

चौघांनी त्यांना उचलून सुरूखाली आणलं. घोट्याजवळ बोटभर चीर होती. भोवतालचं मांस पांढरं पडत चाललं होतं. कधी कुणापुढे पाठ न टेकलेला माणूस वाळूत लोळत होता. कोणीतरी वाळूची मूठ भरली.

“चोळायचं नाही,” बाई म्हणाल्या. हा आवाज त्यांच्याकडे आहे, हे शाळेला माहीत नव्हतं. मूठ उघडली.

कृष्णातने कर्तव्य चुकवलं नाही. तो नमुना ‘ब’ घेऊन धावत आला. “आबा, पंधरा मिन्टांत भराय लागतंय. प्राण्याचं नाव?”

“तुज्या...” हंबीरराव म्हणाले. (उरलेलं नाव रकान्यात बसण्याजोगं नव्हतं.)

“कृष्णात, पाणी आणा,” बाई म्हणाल्या.

डबा आला. सील दोन साक्षीदारांसमक्ष फोडलं. कृष्णातने बोट बुडवलं आणि तसंच ठेवून तो विचारात पडला. “गार हाय की वो.” मग त्याने वही उघडली. “पन नोंदीत गरम हाय.”

“आरं मग नोंदीत बुडवू व्हय मी पाय?” हंबीरराव ओरडले.

चुली दोन होत्या आणि दोन्हींवर रस्सा होता. मेहमुदाबाईंनी दोन्ही पातेल्यांकडे पाहिलं. हा निर्णय त्यांनी शास्त्रीय कसोटीवर घेतला: तांबड्यात तिखट होतं.

“गौसभाई, पांढरा रस्सा घमेल्यात काढा. आणि तांबडं पातेलं खाली उतरवा. त्या चुलीवर डब्यातलं पाणी ठेवा.”

गौसभाई डाव छातीशी धरून उभे राहिले. “बाई, पन्नास मानसांचं जेवान हाय ह्ये! खोबरं, तीळ, खसखस... हेच्यात पाय?”

“पातेल्यात नाही. घमेल्यात. लवकर.”

घमेल्यात रस्सा आला. तो फार कढत होता. बाईंनी त्यात मंजूर पाणी ओतलं (समितीच्या पाण्याचा हा पहिला अधिकृत उपयोग) आणि आपलं मनगट बुडवून पाहिलं. मग हंबीररावांचा पाय आत ठेवला. सुमारे दहा मिनिटं तो रश्शात होता. मुली, गौसभाई, कृष्णात, गाडीवान, कोळी, सगळे भोवती कडं करून बघत राहिले. तेवढ्यात चुलीवरचं पाणी तापलं. बाईंनी दुसऱ्या घमेल्यात ते घेतलं, हाताने पाहिलं, पाय रश्शातून काढून स्वच्छ धुतला आणि त्यात ठेवला. आता पाण्यात पाय बुडवून बसलेला माणूस हा काही बघण्यासारखा देखावा नव्हे. कडं फुटलं आणि मंडळी रश्शाचं आता काय करायचं, या चर्चेला लागली.

पाण्यात पाय एक तास वीस मिनिटं होता. पाणी पाच वेळा बदललं. चुलीपासून घमेल्यापर्यंत तांब्या घेऊन रोशनबी ये-जा करत होती. दर खेपेला आधी आपला हात घालून बघायची. तिसऱ्या खेपेला हंबीररावांनी कण्हणं थांबवलं. कळ उतरत होती. ते पाय हलवू लागले, तसं ती म्हणाली, “आबा, हलू नगासा. गप बसा. मला बी कुनीतरी आसंच बसवाय पायजे होतं.”

हंबीररावांनी तिच्या टाचेकडे पाहिलं. ते काही बोलले नाहीत. अध्यक्षांनी काही न बोलल्याची नोंद ठेवायची पद्धत नाही, म्हणून ती इथे केली आहे.

“आबा, मुलींना पाण्यात जाऊ द्यायचं का?” बाईंनी विचारलं.

“जाऊ द्या.” मग घमेल्यातल्या पायाकडे बघून: “पाय घासत जावा म्हनावं.”

अडतीस मुली ओळीने पाण्यात शिरल्या. पाय घासत, जमीन सारवत निघाल्यासारख्या. रोशनबी सगळ्यांत शेवटी गेली. घोट्याइतक्या पाण्यात ती थांबली. तिने दुखावलेला पाय वाळूतून हळूहळू पुढे सारला. चार हातांवर वाळू हलली, परातीएवढी एक सावली उठली आणि खोल पाण्याकडे निघून गेली. थोड्या वेळाने आणखी एक गेली. रोशनबीने मागे वळून बाईंकडे पाहिलं आणि गुडघ्याइतक्या पाण्यात चालत गेली.

त्या दिवशी मुलींना झालेले दंश: शून्य. हा आकडा अहवालात नाही. जे घडलं नाही त्याला नमुना नव्हता.

संध्याकाळी मालवणच्या डॉक्टरांनी जखम धुतली, काट्याचा राहिलेला तुकडा काढला, आणि हे पाणी कुणाला सुचलं ते विचारलं. हंबीरराव म्हणाले, “पानी कसलं? पांढरा रस्सा!”

ते खोटं बोलत नव्हते. कळ पहिल्यांदा हलली ती रश्शात, आणि माणसाला तेच आठवतं. कोल्हापुरातून आठ दिवसांत ही बातमी गारगोटीपर्यंत गेली. पंधराव्या दिवशी रश्शात पाय बुडवून कुणाचा संधिवात गेला. महिन्याने एका पैलवानाने आपल्या दोन्ही पायांना रोज रस्सा चालू केला (तो रस्सा पीतही असे, पण पाय बुडवण्याआधी). गौसभाईंना दवाखान्यातून विचारणा झाली, असं ते स्वतः सांगत.

जानेवारीत समितीची बारावी बैठक झाली. हंबीरराव काठी न घेता चालत आले. नियम पाचमधले जुने शब्द त्यांनी स्वतः परत घातले. एवढं श्रेय त्यांना दिलं पाहिजे. मग गरम पाण्याचा नियम नऊ दुरुस्त झाला: ‘पुढील सहलीपासून पांढरा रस्सा (बिनतिखट) कोल्हापुरातच शिजवून, दोन डब्यांत सीलबंद करून सोबत न्यावा आणि दंशस्थानी ओतावा.’

“आबा,” मेहमुदाबाई म्हणाल्या, “उपयोग रश्शाचा नव्हता. उष्णतेचा होता. सीलबंद डब्यातला रस्साही निवतो. तुमचा पाय पाण्याने बरा झाला.”

“बाई,” हंबीरराव प्रेमाने म्हणाले, “पाय कुनाचा हुता?”

ठराव एकमताने झाला. अर्ध्या पानाचा कागद ‘विषय निकाली’ असा शेरा मारून परत आला. रोशनबीची तुकडी तोवर पुढे जाणार होती. येत्या डिसेंबरात नव्या मुली असतील. टाच दाखवायला कोणी नसेल, आणि गार, गोठलेल्या चरबीचे दोन डबे बरोबर असतील.

हे होऊ नये म्हणून बाईंनी, शास्त्राच्या शिक्षकाला जमतं तेच केलं: पुरावा गोळा केला. ज्यांना ज्यांना ती हकीकत पूर्ण, क्रमाने, पाण्याच्या पाचही बदलांसकट माहीत होती, अशा साठ जणांना त्यांनी स्वतः एकच प्रश्न विचारला: आबांचा पाय कशाने बरा झाला? एक्कावन्न जणांनी रस्सा सांगितला. सहाजणांनी तालमीतलं शरीर. दोघांनी अंबाबाईची कृपा. एकीने कढत पाणी म्हटलं. ती तांब्या वाहत होती.

साठ ही संख्या अपुरी आहे, असा आक्षेप समितीने घेतला. तो रास्त आहे. म्हणून बाईंनी वहीत एकसष्टाव्या ओळीपासून जागा मोकळी सोडली आहे. ज्यांनी ही हकीकत आत्ताच वाचली, त्यांनी आज घरी कुणाला तरी ती सांगावी आणि सांगून झाल्यावर आठवावं, की आपण रश्शापाशी हसून थांबलो की पुढच्या एक तास वीस मिनिटांपर्यंत गेलो. उत्तर कळवण्याची तसदी घेऊ नये. बाईंनी ते पेन्सिलीने आधीच लिहून ठेवलं आहे. खोडायची वेळ आलीच तर खोडरबर त्यांच्याकडे आहे. अजून तो नवा आहे.